छत्तीस चौकटींची शिस्त

कोणतीही कला शिकताना साधनांची विपुलता विद्यार्थ्याला उपकारकच ठरते, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. कागद मुबलक झाला की लेखन वाढते, रंग स्वस्त झाले की चित्रकार वाढतात, आणि कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आला की छायाचित्रण ही सर्वांची कला होते, असे आपण धरून चालतो. यातील पहिल्या दोन विधानांविषयी येथे वाद घालण्याचे कारण नाही. तिसरे मात्र तपासून पाहण्यासारखे आहे. मोबाइल फोनमुळे छायाचित्रे काढणाऱ्यांची संख्या अफाट वाढली हे उघड आहे. परंतु छायाचित्र काढता येणे आणि रस्त्यावर उभे राहून नीट पाहता येणे या दोन गोष्टी एक नव्हेत. फिल्म ही वस्तू सामान्य दुकानांतून जवळजवळ नाहीशी झाल्यानंतरही छायाचित्रणाचे काही विद्यार्थी जुने यांत्रिक कॅमेरे दुरुस्त करून घेतात आणि रस्त्यावरचे छायाचित्रण फिल्मवर शिकतात. या घटनेची दखल शिक्षणाशी संबंध असलेल्या प्रत्येकाने घ्यावी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

यात हौसेचा आणि लहरीचा भाग नाही असे कोणीच म्हणणार नाही. जुन्या वस्तूंचे आकर्षण प्रत्येक पिढीला असते, आणि काळ्यापांढऱ्या चित्राला आपोआप एक गांभीर्य चिकटते, हेही तरुणांना ठाऊक असते. पण लहर दोन-चार रोलांत विरते. जे त्यानंतरही टिकतात, त्यांना फिल्म काहीतरी शिकवीत असली पाहिजे. ते काय, हाच या लेखाचा विषय आहे.

रस्ता आणि कॅमेरा

रस्ता आणि कॅमेरा यांचे नाते छायाचित्रणाच्या जन्माइतकेच जुने आहे. लुई दागेर याने १८३८ मध्ये पॅरिसमधील बुलवार द्यु ताँप्ल या गजबजलेल्या रस्त्याचे उंचावरून एक चित्र घेतले. रस्त्यावर गाड्या होत्या, घोडे होते, माणसे होती. पण प्रकाश टिपून घेण्यास काही मिनिटे लागत असल्यामुळे जे जे हलत होते ते ते चित्रातून पुसले गेले. उरला तो एक माणूस. बूट पॉलिश करून घेण्यासाठी तो थांबला होता, म्हणून त्याची आकृती प्लेटवर उमटली. छायाचित्रात आलेला पहिला माणूस म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. त्याच्या पायाशी बसून काम करणारा मात्र अस्पष्टच राहिला. रस्त्यावरच्या छायाचित्रणाचा पुढचा सारा प्रश्न या एका चित्रात बीजरूपाने आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. चित्रात कोण येतो, कोण येत नाही, आणि ते कोण ठरवतो?

हलता माणूस पकडता येण्यास पुढे बरीच वर्षे जावी लागली. १९२५ मध्ये जर्मनीत लायका हा लहानसा कॅमेरा बाजारात आला. चलच्चित्रांसाठी वापरली जाणारी ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म त्यात घालता येई, आणि २४ बाय ३६ मिलिमीटरच्या चौकटी तिच्यावर घेता येत. एका रोलमध्ये छत्तीस चौकटी, हा प्रघात याच फिल्मबरोबर रूढ झाला. आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने हाच कॅमेरा घेऊन जगभर पायपीट केली. १९४८ च्या जानेवारीत तो दिल्लीत होता. महात्माजींच्या हत्येपूर्वी काही वेळच आधी त्याने त्यांची भेट घेतली होती, आणि नंतर अंत्ययात्रेतील शोकाकुल जनसमुदायाची त्याने घेतलेली छायाचित्रे जगभर गेली.

त्याच्या १९५२ सालच्या ग्रंथाची दोन नावे या संदर्भात विचार करण्यासारखी आहेत. इंग्रजी आवृत्तीचे नाव 'निर्णायक क्षण' या अर्थाचे आहे, आणि तेच जगात गाजले. मूळ फ्रेंच नाव 'इमाज आ ला सोव्हेत' असे आहे. परवान्याविना रस्त्यावर माल मांडून बसणारा आणि पोलीस दिसताच गाठोडे उचलून पळणारा जो फेरीवाला, त्याच्या विक्रीला फ्रेंचमध्ये हा शब्दप्रयोग लावतात. आपल्याकडे पालिकेची गाडी येताच टोपली उचलणाऱ्या भाजीवालीचे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे त्याचा अर्थ सहज कळतो. एका नावात क्षण जिंकल्याचा अभिमान आहे, दुसऱ्यात घाईघाईने आणि काहीसे चोरून घेतल्याची कबुली आहे. रस्त्यावर छायाचित्रण शिकणाऱ्याला ही दोन्ही नावे पाठ असावीत.

आपल्याकडची परंपराही लहान नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या संस्थेच्या छायाचित्रकारांपैकी एक होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ च्या सुमारास छायाचित्रणाचा वर्ग चालू झाला. म्हणजे या शहरात छायाचित्रणाचे रीतसर शिक्षण विद्यापीठाच्या स्थापनेआधीपासूनचे आहे. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ज्यांचा गौरव होतो त्या होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या. रघुबीर सिंग यांनी मुंबईच्या रस्त्यांवरचे रंग कोडाक्रोम फिल्मवर टिपले आणि १९९४ मध्ये या शहरावरचे पुस्तक प्रसिद्ध केले. मध्यमवर्गीय घरांतही ॲग्फा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा आणि त्याच्या रोलमधील बारा चौकोनी चित्रे अनेकांच्या स्मरणात असतील. एकेक चित्र सण पाहून, लग्न पाहून, मोजून काढले जाई. फिल्म आपल्या देशातही बनत असे. १९६० मध्ये उटकमंड येथे सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी स्थापन झाली आणि तिची 'इंदू' फिल्म गावोगावच्या स्टुडिओंत पोचली.

ते सारे आता संपले आहे. उटकमंडचा कारखाना बंद पडला. ज्या कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने १९७५ मध्ये पहिला अंकीय कॅमेरा तयार केला, त्याच कंपनीला २०१२ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. कोडाक्रोमचे उत्पादन २००९ मध्ये थांबले आणि ती धुणारी अमेरिकेतील कॅन्सस राज्यातली शेवटची प्रयोगशाळा २०१० च्या अखेरीस त्या कामापुरती बंद झाली. कोडॅक आणि इंग्लंडमधील इलफर्ड यांच्या काही फिल्म आजही निघतात, एवढाच काय तो आधार उरला आहे.

अंधाऱ्या खोलीतील धडे

अशा परिस्थितीत फिल्मवर शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला काय येते? प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एका तरुणाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. मुंबईतील एका कलामहाविद्यालयात तो शिकत होता, आणि एका निवृत्त छायाचित्रकाराने शिकवणीची एकच अट घातली होती. दहा रोल रस्त्यावर काढायचे, स्वतः धुवायचे, आणि एकही चौकट लपवायची नाही.

पहिला रोल कोरा निघाला. फिल्मचे टोक दातेरी चक्रात नीट अडकले नव्हते. छत्तीस वेळा शटर वाजले, पण फिल्म जागची हललीच नव्हती. फिल्म पुढे सरकवताना रिवाइंडची कळ फिरते की नाही हे पाहायचे असते, हा धडा त्या दिवशी कायमचा मिळाला. फोनवर अशी फजिती होऊ शकत नाही, आणि म्हणूनच आपण काय करतो आहोत याकडे सतत लक्ष ठेवण्याची सवय फोन लावीत नाही.

दुसरा धडा प्रकाशाचा. त्या जुन्या कॅमेऱ्यातील प्रकाशमापक बंद पडलेला होता. तेव्हा जुन्या छायाचित्रकारांचा नियम शिकावा लागला. भर उन्हात ॲपर्चर १६ वर ठेवायचे आणि शटरचा वेग फिल्मच्या संवेदनक्षमतेइतका. म्हणजे ४०० च्या फिल्मला सेकंदाचा सुमारे पाचशेवा भाग. ढग आले की एक पायरी उघडायची, इमारतीच्या सावलीत आले की आणखी दोन-तीन. महिनाभरात हा मुलगा घरातून बाहेर पडताच उन्हाकडे पाहून आकडे पुटपुटू लागला. प्रकाश पाहणे ही क्रिया त्याने वीस वर्षे केलीच नव्हती, असे तो स्वतःच म्हणे.

तिसरा धडा अंतराचा. ३५ मिलिमीटरच्या भिंगाला ॲपर्चर ८ वर ठेवून रोख पाच मीटरवर लावला, तर सुमारे अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. मग डोळ्याला कॅमेरा लावून भिंग फिरवीत बसावे लागत नाही. पण माणूस अडीच मीटरवर आहे की दीडवर, हे नजरेने ओळखता यावे लागते. अडीच मीटर म्हणजे समोरच्याचा चेहरा वाचता येण्याचे आणि त्यालाही आपला वाचता येण्याचे अंतर. दूरवरून लांब भिंगाने टिपणाऱ्याला हे अंतर कधी कळत नाही.

त्यानंतर डार्करूम. फिल्मवर प्रकाश पडला की चांदीच्या क्षारांच्या कणांत एक अदृश्य फरक पडतो. डेव्हलपर त्या कणांची धातुरूप चांदी करतो, आणि ज्या कणांना प्रकाश लागला नाही त्यांना हायपो विरघळवून टाकतो. पुस्तकात हे चार ओळींत संपते. प्रत्यक्षात डेव्हलपरचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे आणि मुंबईच्या मे महिन्यात नळाचे पाणी त्याहून कितीतरी गरम. तेव्हा बर्फाचे तुकडे पिशवीत घालून ती पिशवी बाहेरच्या बादलीत ठेवायची, तापमापक पाहत राहायचे, आणि ठरल्या वेळी डबी उलटीसुलटी करायची. एवढे झाल्यावर ओली फिल्म दिव्यापुढे धरली आणि चौकटींत माणसे दिसू लागली, की होणारा आनंद काही वेगळाच. तो आनंद बाजूला ठेवला तरी एक व्यावहारिक लाभ राहतोच. आपल्या हातून झालेली चूक कोणत्या टप्प्यावर झाली, हे विद्यार्थ्याला शोधून काढता येते. यंत्राने आपोआप केलेल्या कामात ती सोय नसते.

कॉन्टॅक्ट शीट काय सांगते

येथवर जे लिहिले ते तंत्राविषयी झाले. तंत्र दुसऱ्या मार्गानेही शिकता येईल. खरा प्रश्न पुढे आला तो दहाव्या रोलनंतर.

धुतलेली फिल्म पट्ट्यापट्ट्यांनी कागदावर ठेवून तिचा त्याच आकारात जो ठसा घेतात त्याला कॉन्टॅक्ट शीट म्हणतात. छत्तीसच्या छत्तीस चौकटी, ज्या क्रमाने घेतल्या त्या क्रमाने, एका कागदावर येतात. चांगल्या-वाईट सगळ्या. एखाद्या माणसाचे चित्र घेण्याआधी आपण त्याच्याभोवती किती घुटमळलो, कोणत्या चौकटीत धीर झाला, कोणाकडे पाहून पाठ फिरवली, हे सारे तेथे नोंदलेले असते. फोनवर नकोसे चित्र आपण त्याच क्षणी पुसतो आणि त्याबरोबर आपल्या वागण्याचा पुरावाही पुसून टाकतो.

दहा कॉन्टॅक्ट शीट्स टेबलावर मांडल्यावर त्या वृद्ध गुरूंनी एकच प्रश्न विचारला, "यात इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस का नाही?" मुलाने चौकटी पुन्हा पाहिल्या. दादरच्या फुलबाजारातील गजरेवाल्या होत्या, हातगाडी ओढणारे होते, पदपथावर दुपारी झोपलेले होते, सिग्नलवरची मुले होती. बँकेतून बाहेर पडणारा कारकून नव्हता, शाळेतून घरी निघालेली शिक्षिका नव्हती, गाडीच्या काचेमागचा व्यापारी तर नव्हताच. त्याच्या स्वतःच्या वर्गातील माणसे फक्त पाठमोरी आली होती. कारण उघड होते. ती माणसे हटकतात. "कोणाला विचारून काढलात?" असे विचारतात, प्रसंगी पोलिसाला बोलावतात. झोपलेला मजूर काही विचारत नाही.

ही त्या एका मुलाची चूक आहे असे मानण्याचे कारण नाही. रस्त्यावरच्या छायाचित्रणाच्या मोठ्या भागाला ती लागू पडते. रस्ता ही सार्वजनिक जागा आहे, तेथे जो दिसतो त्याचे चित्र घेण्यास हरकत काय, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. ज्याला घर आहे त्याच्यासाठी रस्ता ही येण्याजाण्याची जागा असते. ज्याला घर नाही त्याचा संसार तेथेच चाललेला असतो. त्याचे जेवण, त्याची झोप, त्याच्या बायकोचे केस विंचरणे, हे सारे सार्वजनिक ठरते ते केवळ त्याला भिंत परवडत नाही म्हणून. न्या. के. एस. पुट्टस्वामी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. तो अधिकार भिंतींपुरता मर्यादित ठेवला तर ज्यांना भिंतीच नाहीत त्यांच्या वाट्याला काय उरणार, याचे उत्तर प्रत्येक छायाचित्रकाराला कायद्याच्या पुस्तकाबाहेर शोधावे लागते.

पुढच्या दोन रोलांत त्या विद्यार्थ्याने फक्त आपल्यासारख्यांचीच चित्रे घ्यायची, असे गुरूंनी सांगितले. संध्याकाळी सव्वासहाच्या लोकलची वाट पाहणारे कारकून, सोसायटीच्या जिन्यात बोलत उभ्या असलेल्या बायका, परीक्षेच्या वर्गाबाहेरचे पालक. ते काम पहिल्या दहा रोलांपेक्षा अवघड गेले. विचारावे लागले, समजावून सांगावे लागले, नकार ऐकावे लागले. आणि नकार ऐकण्याची सवय झाल्यावर तो फुलबाजारात परत गेला तेव्हा तेथेही प्रथम विचारू लागला.

तेथे फिल्मने आणखी एक गोष्ट घडवून आणली. फोनवर चित्र काढले की समोरचा माणूस "दाखव" म्हणतो, चित्र दाखवता येते आणि व्यवहार तेथेच संपतो. फिल्मच्या कॅमेऱ्याच्या पाठीवर दाखवण्यासारखे काहीच नसते. दाखवायचे तर प्रिंट घेऊन परत यावे लागते. पंधरा दिवसांनी प्रिंट घेऊन तो एका गजरेवालीकडे गेला तेव्हा ती म्हणाली, "आमचे फोटो घेऊन जातात सगळे, आणून कोणी देत नाही." मग तिने त्याला तो प्रिंट पुन्हा मागच्या बाजूने पाहायला सांगितला आणि आपले नाव लिहून घ्यायला लावले. त्या दिवसापासून तिच्या गाळ्याजवळ त्याला चोरून चित्र काढावे लागले नाही.

सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांवर केलेले काम ज्यांनी पाहिले असेल त्यांना हा मुद्दा अधिक सांगण्याची गरज नाही. ती छायाचित्रे एका दुपारच्या भटकंतीत मिळालेली नाहीत. त्या माणसांकडे वर्षानुवर्षे पुन्हापुन्हा गेल्याने ती मिळाली. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्या कामाचा खरा गौरव असा की शहराची घाण उचलणारी माणसे तेथे नावागावाची, घरसंसाराची माणसे म्हणून दिसतात.

आक्षेप आणि त्यांचा विचार

या साऱ्यावर काही आक्षेप येतील, आणि ते दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत.

पहिला खर्चाचा. आज एक रोल विकत घेऊन धुवून घ्यायचा तर खर्च सहज हजार रुपयांच्या पुढे जातो. शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घरातील मुलाला दहा रोल म्हणजे मोठाच भुर्दंड. फिल्म हा श्रीमंतांचा छंद होऊन बसला, तर वर सांगितलेल्या साऱ्या नीतीला काही अर्थ उरणार नाही. हा आक्षेप मान्य केला पाहिजे, आणि त्यावर वैयक्तिक उपाय नाही, संस्थात्मक उपाय आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

दुसरा आक्षेप असा की निगेटिव्ह म्हणजे सत्य, ही भाबडी समजूत आहे. हे खरेच आहे. रोबेर द्वानो याचे पॅरिसच्या नगरभवनापुढील १९५० सालचे प्रसिद्ध चुंबनचित्र ठरवून, अभिनय शिकणाऱ्या दोघांना उभे करून घेतलेले होते. स्टालिनच्या काळात नावडत्या सहकाऱ्यांच्या आकृती छायाचित्रांतून घासून काढल्या गेल्या, आणि तो काळ फिल्मचाच होता. खुद्द कार्तिए-ब्रेसाँने चौकट कापण्याला आयुष्यभर विरोध केला. पण पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचे १९३२ सालचे त्याचे गाजलेले चित्र कापलेलेच आहे. तेव्हा फिल्म खोटे बोलू शकत नाही असा दावा कोणी करू नये. परंतु आज, कधीच न घडलेल्या प्रसंगाचे हुबेहूब चित्र यंत्राकडून काही क्षणांत बनवून घेता येत असताना, ज्या प्रतिमेची मूळ प्रत हातात धरता येते आणि जिच्या आधीच्या-नंतरच्या चौकटी तिला लागूनच असतात, तिचे साक्षीमूल्य वाढले आहे, हे नाकारता येणार नाही.

तिसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. शिस्त ही माणसात असते, साधनात नसते. ज्याला पाहता येते त्याला फोनही पुरतो. तत्त्वतः हे मान्य आहे. पण शिक्षणशास्त्राचा अनुभव असा की शिस्त प्रथम बाहेरून लावून घ्यावी लागते आणि मग ती अंगात मुरते. पाढे पाठ केल्यावर गणकयंत्र वापरण्यास कोणाची हरकत नसते. प्रत्येक चौकटीला सेकंदाचा सव्वाशेवा भाग धरला तरी दहा रोलांतील तीनशे साठ चित्रांचा एकूण काळ तीन सेकंदही भरत नाही. त्या तीन सेकंदांसाठी विद्यार्थी कित्येक आठवडे रस्त्यावर उभा राहतो. त्याचे शिक्षण त्या आठवड्यांत होते.

विलंबाचाही असाच उपयोग आहे. अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड आपले रोल धुण्याआधी मुद्दाम बराच काळ, कधी वर्षभरही, तसेच ठेवून देत असे. चित्र घेतानाचा उत्साह ओसरला म्हणजे त्याचा खरा कस कळतो, अशी त्यामागची भूमिका होती. १९८४ मध्ये तो वारला तेव्हा सुमारे अडीच हजार रोल न धुतलेले निघाले, हा अतिरेक झाला. पण आज अनोळखी माणसाचे चित्र काढून मिनिटाच्या आत ते हजारो लोकांपुढे टाकले जाते, आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. या घाईपुढे पंधरा दिवसांचा विलंब हा सभ्यतेचा भाग ठरतो. हे चित्र जगाला दाखवावे की नाही, असा प्रश्न स्वतःला विचारण्यास तेवढा वेळ मिळतो, आणि काही चित्रे न दाखवलेलीच बरी, हेही त्या वेळात कळते.

काय करता येईल

मग व्यवहारात काय करता येईल? पहिली गोष्ट कलामहाविद्यालयांनी करावयाची आहे. अनेक ठिकाणी डार्करूम मोडून तेथे संगणक बसवले गेले. संगणक हवेतच, पण प्रकाश न शिरणारी एक लहान खोली, वाहते पाणी आणि एक जुना एन्लार्जर एवढ्यावर डार्करूम उभी राहते. एका शहरातील दोन-तीन संस्थांनी मिळून अशी एक खोली चालवली तरी भागेल. फिल्म सुट्या रोलांऐवजी शंभर फुटांच्या गुंडाळीतून घेऊन डब्यांत भरली तर एका गुंडाळीत छत्तीस चौकटींचे सुमारे अठरा रोल निघतात, आणि खर्च बराच खाली येतो. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. तो मोरीत न ओतता साठवून चांदी वेगळी काढणाऱ्याकडे देणे, हाही अभ्यासक्रमाचाच भाग असावा. पदवीच्या सर्व वर्षांत मिळून एका सत्रापुरते दहा रोल, एवढी मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

दुसरी गोष्ट ज्यांच्याजवळ कॅमेरा नाही अशा शाळांतही करता येण्यासारखी आहे. शिक्षकांनी मुलांना एक साधी अट घालावी. आठवड्याला फोनवर छत्तीसच चित्रे काढायची, एकही पुसायचे नाही, आठवडा संपेपर्यंत पाहायचे नाही, आणि मग सर्वांनी एकत्र बसून सगळी क्रमाने पाहायची. कोणाची चित्रे घेतली, कोणाला विचारले, कोणाची टाळली, यावर चर्चा करायची. फिल्मची सर याला येणार नाही. पण नागरिकशास्त्राचा इतका जिवंत तास दुसऱ्या कोणत्या मार्गाने मिळेल, याविषयी शंका आहे.

तिसरी गोष्ट जुन्या निगेटिव्हची. शिकागोत मुले सांभाळण्याची नोकरी करणाऱ्या व्हिव्हियन मायर या बाईने हयातभर रस्त्यावर छायाचित्रे काढली आणि कोणालाही दाखवली नाहीत. २००७ मध्ये तिचे थकलेल्या भाड्यापोटी लिलावात गेलेले सामान लोकांच्या हाती लागले, आणि एक लाखाहून अधिक निगेटिव्ह उजेडात आल्या. २००९ मध्ये ती वारली तेव्हा आपले नाव होते आहे हे तिला माहीतही नव्हते. आपल्याकडे किती कपाटांत, किती बंद पडलेल्या स्टुडिओंच्या माळ्यांवर अशा पेट्या पडल्या असतील! ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईची ट्राम बंद झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावचा रस्ता ओळखू न येण्याइतका बदलला. जुनी लाल दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये आणि प्रीमियर पद्मिनी टॅक्सी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली. या साऱ्यांच्या सरकारी नोंदी राहतील. पण भोंगा झाल्यावर फाटकातून बाहेर पडणाऱ्या कामगाराच्या चेहऱ्यावर काय होते, हे एखाद्या हौशी कारकुनाने रविवारी धुतलेल्या रोलमध्येच सापडेल. अशा निगेटिव्ह रद्दीत जाण्यापूर्वी कोरड्या जागी कागदी पाकिटांत ठेवाव्यात आणि पाकिटावर स्थळ, वर्ष आणि माहीत असल्यास माणसांची नावे लिहावीत. गावच्या ग्रंथालयांनी त्या स्वीकारण्यास पुढे यावे. याला खर्च जवळजवळ नाही.

फिल्म कायम राहील याची हमी कोणी देऊ शकत नाही. कोडाक्रोम गेली, 'इंदू' गेली, उरलेल्याही एखाद्या दिवशी जातील. त्या असेपर्यंत त्यांच्याकडून जे शिकता येते ते शिकून घेणे आणि पुढच्या साधनांच्या वापरात ते उतरवणे, एवढे आपल्या हाती आहे. उद्याच्या रस्त्यांची छायाचित्रे आजची मुले काढणार आहेत. त्यांत कोण दिसेल, कसा दिसेल, आणि त्याला विचारले गेले असेल की नाही, हे त्यांना आज मिळणाऱ्या शिक्षणावर अवलंबून राहील. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी आणि वर्गात उभे राहणाऱ्या शिक्षकांनी त्याचा विचार आताच केला पाहिजे.